गनिमी कावा, पहाटे साडेपाच

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात आणि एकाच्याही गळ्यात पट्टा नसतो. मागे गाय उभी, पायाशी कुत्रे, आणि कोणी कोणावर भुंकत नाही. हे चार कुत्रे म्हणजे चार वेद असं सांगतात आणि त्यावर शंका घेण्याचं कारण नाही; खरे कुत्रे असते तर गाय केव्हाच चौकटीबाहेर गेली असती. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिरामागून एक कुत्रा थेट स्वर्गाच्या दारापर्यंत चालत जातो. वाटेत द्रौपदी पडते, भाऊ पडतात, पण हा ना थांबतो ना गुरगुरतो. तोही शेवटी कुत्रा नसून धर्म निघतो. न ओढता, न भुंकता चालणारा कुत्रा दिसला की तो दुसरंच कोणीतरी असणार, हे पुराणकारांना पक्कं ठाऊक होतं. सोसायटीच्या फाटकातून रोज सकाळी बाहेर पडतो तो मात्र कुत्राच असतो. त्यातही तो 'रिअ‍ॅक्टिव्ह' असेल, म्हणजे दुसरा कुत्रा, स्कूटर, छत्री, रेनकोट घातलेला माणूस किंवा स्केटिंग करणारं पोर दिसताच पट्टा ताणून, मागच्या दोन पायांवर उभं राहून गल्ली डोक्यावर घेणारा असेल, तर त्याला फिरवायचं कसं, याचं उत्तर कुठल्याही पुराणात नाही. माझ्या मते ते उत्तर इतिहासात आहे. अशा कुत्र्याला माघार घेत घेत फिरवायचं असतं. आणि यात अडचण कुत्र्याची नसते, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची असते.

आधी कुत्र्याची बाजू. असा कुत्रा दुष्ट असतो हा गैरसमज आहे. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो, नाहीतर समोरच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून वैतागलेला असतो. मोकळे कुत्रे एकमेकांना भेटतात तेव्हा नाकासमोर सरळ चाल करून येत नाहीत. वळसा घेतात, जमीन हुंगतात, मान फिरवतात. आपण त्याला सहा फुटी पट्टा बांधतो आणि चार फुटी फुटपाथवरून दुसऱ्या कुत्र्याच्या थेट तोंडावर नेतो. कुत्र्यांच्या रीतीत हा सरळ उद्धटपणा झाला, आणि पळून जायची सोय तर पट्ट्यानं आधीच काढून घेतलेली. राहिला एकच मार्ग, ओरडून समोरच्याला घालवायचं. गंमत अशी की तो मार्ग दर वेळी यशस्वी होतो. कुत्रा भुंकतो, पार्सल पोचवणारा मुलगा निघून जातो. त्याला पुढचं पार्सल द्यायचं होतं, हे कुत्र्याला कोण सांगणार? त्याच्या हिशेबी हा शुद्ध विजय, आणि उद्याच्या भुंकण्याची रंगीत तालीम. म्हणून या विषयाचे जाणकार पहिली गोष्ट सांगतात ती अंतराची. प्रत्येक कुत्र्याची एक मर्यादा असते. तेवढ्या लांबून तो दुसऱ्या कुत्र्याकडे बघतो, विचार करतो, हाक मारली तर मान वळवतो. त्या मर्यादेच्या आत शिरलं की त्याचे कान केवळ शोभेपुरते उरतात. शिवाय ही मर्यादा रोज सारखी नसते. सकाळी लिफ्टमध्ये कोणी अंगावर आलं, मग मिक्सर घरघरला, मग फटाका वाजला, की ताण साचत जातो आणि संध्याकाळी एका निरुपद्रवी मांजरावर सगळं निघतं. माणसांत याला ऑफिसहून घरी येणं म्हणतात.

अंतर राखायचं तर समोरून कुत्रा येताना दिसल्याबरोबर वळायला हवं. आपल्या कुत्र्यानं भुंकायच्या आत, शांतपणे, 'चल रे' म्हणत, पट्टा न ताणता, आल्या वाटेनं परत. इथं मराठी माणसाचा स्वाभिमान आडवा येतो. 'आम्ही का वळायचं? रस्ता काय त्यांच्या बापाचा?' हा प्रश्न कुत्र्याच्या मनात येत नाही, मालकाच्या येतो. शिवाय दिसतं कसं ते? डौलदार लॅब्रेडॉर घेऊन निघालेला गृहस्थ एका पॉमेरेनियनला बघून मागच्या गल्लीत शिरतो! पण याच माणसाला गनिमी काव्याचा विषय काढून बघा. शत्रू मोठा, मैदान त्याचं, वेळ वाईट, तर अंग काढून घ्यावं, आपली जागा आणि आपली वेळ निवडावी, हे तो हिरिरीनं समजावून सांगेल. 1660 साली शिवाजी महाराज पावसाळी रात्री पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, त्याला कोणीही पळ काढणं म्हणत नाही. शाळेत आपण त्यावर निबंध लिहून गुण मिळवलेले असतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीची माघार मुत्सद्देगिरी आणि आपल्याच गल्लीतली माघार नामुष्की, हा हिशेब काही पटत नाही. कुत्र्याला तर त्यात नामुष्की मुळीच वाटत नाही. समोरचं संकट टळलं, मालक गडबडला नाही, वर खिशातून चिकनचा तुकडा निघाला, एवढंच तो बघतो.

यावर पहिला आक्षेप बाकावर बसलेल्या अनुभवी गृहस्थांचा असतो. 'दोन झटके द्या, सरळ येतो. कुत्र्याला बॉस कोण ते कळलं पाहिजे.' या बॉसगिरीचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली बंदिस्त जागेतल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं, आणि डेव्हिड मीच यांच्या 1970च्या पुस्तकामुळे 'अल्फा' लांडगा जगभर पोचला. पुढे त्यांनीच जंगलातले कळप जवळून पाहिले तेव्हा दिसलं की तो कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. 1999 साली त्यांनी स्वतःच तसं लिहून टाकलं. संशोधकानं मत बदललं, बाकावरच्या गृहस्थांनी अजून नाही. झटक्याचा खरा परिणाम समजायला पावलोव्ह पुरेसा आहे. त्याला 1904 सालचं नोबेल मिळालं पचनाच्या अभ्यासासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिली त्याच्या कुत्र्यांची लाळ. एका गोष्टीमागून दुसरी येत राहिली की कुत्रा त्या दोघींची गाठ मारतो. दुसरा कुत्रा दिसला की मान आवळली जाते, असं रोज घडलं तर तो कोणती गाठ मारेल? आज शंका होती, उद्या वैर होईल. काही कुत्रे झटक्यांनी गप्प होतात हे मान्य. पण भीती गेलेली नसते, फक्त इशारा देणं बंद होतं, आणि न गुरगुरता चावणारा कुत्रा घरात ठेवण्यासारखी दुसरी जोखीम नाही. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन-पशुवैद्यकांच्या संघटनेनं 2021 साली बक्षिसावर आधारलेल्या शिकवणीचीच शिफारस केली, ती उगाच नव्हे. (कुत्रा अचानक चिडका झाला असेल तर आधी पशुवैद्याकडे न्या. दुखरा कान किंवा कंबर हेही कारण असू शकतं.)

दुसरा आक्षेप नैतिक असतो. 'म्हणजे लाचच की ही!' आपल्याकडे लाच म्हटलं की विषय सगळ्यांना चटकन समजतो, म्हणून फरक सांगणंही सोपं आहे. कुत्रा भुंकू लागल्यावर त्याला गप्प करायला तुकडा दाखवला तर ती लाच. दुसरा कुत्रा दूरवर दिसला, आपल्यानं त्याच्याकडे पाहिलं, अजून तोंड उघडलं नाही, आणि त्या क्षणी तुकडा मिळाला, तर ती शिकवण. 'तो दिसला की काहीतरी चांगलं घडतं' ही नवी गाठ. सगळं क्रमावर आहे. नामदेवांची भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले ही कथा आपण भक्तिभावानं सांगतो, आणि भक्तीच्या दृष्टीनं ती थोरच आहे. प्रशिक्षणाच्या दृष्टीनं मात्र चोरीनंतर तूप मिळालं, आणि त्या कुत्र्यानं दुसऱ्या दिवशी काय केलं असेल हे सांगायला पावलोव्ह नको. संतांना ते चालतं. आपण तूप आधी, भाकरी जाग्यावर असताना द्यावं.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे, त्यामुळे त्यावर थांबायला हवं. 'अंतर, अंतर म्हणता, पण शहरात अंतर आणायचं कुठून?' परदेशी पुस्तकांतला कुत्रा हिरवळीवरून चालतो. आपल्या पेठेतल्या कुत्र्याच्या वाट्याला फुटपाथवर लावलेल्या दुचाक्या, उघडं चेंबर, वडापावची गाडी आणि त्या गाडीखाली झोपलेले तीन स्थानिक येतात. पुण्यातल्या प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, पण हद्दी कुत्र्यांनी आखलेल्या आहेत. या स्थानिकांना पट्टा नसतो, आपल्याला असतो, आणि माघारीची खरी परीक्षा इथंच. तरी गनिमी काव्याला मैदान कधीच लागत नव्हतं. लागत होती ती मुलखाची माहिती. भटक्या कुत्र्यांच्या जागा ठरलेल्या असतात: चिकनचं दुकान, कचऱ्याची कुंडी, खायला घालणाऱ्या मावशींचा कोपरा. 2023च्या नियमांनुसार नसबंदी झालेला कुत्रा साधारणपणे उचलला तिथंच परत सोडायचा असतो, म्हणजे कानाला खाच असलेला तो पिवळा उद्याही त्याच कोपऱ्यावर असेल. नकाशा एकदा पाठ केला की पुरे. जागा नसेल तिथं वेळ वापरायची. पहाटे साडेपाचला जो रस्ता मिळतो तो साडेसातला विकत मिळत नाही. उभा टेम्पो, रिक्षांची रांग, वाड्याचा दिंडी-दरवाजा हे सगळे आडोसे आहेत, कारण दिसलंच नाही तर निम्मं काम होतं. भटके मागे लागले तर पळू नये. हातातला बिस्किटांचा पुडा त्यांच्या पलीकडे फेकावा आणि ते मोजदाद करत असताना निघावं. दगड उचलायला वाकलं की आपल्याकडचे कुत्रे पांगतात हे खरं, पण त्या वाकण्यानं आपलाही कुत्रा घाबरतो, आणि गल्लीतल्या मावशी पाहत असतील तर मालकालाही घाबरावं लागतं. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठ सोडून द्यावा. आणि दिवाळीत एखाद्या दिवशी फिरणं रद्द केलं तर आकाश कोसळत नाही. घरात टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून शोधायला दिला तर नाकाच्या कष्टांनीही कुत्रा दमतो. रोज बाहेर काढलंच पाहिजे हा नियम माणसांनी स्वतःच्या डायबेटिसवरून काढला असावा.

राहिला चौथा आक्षेप, लोक काय म्हणतील. तोंडाला जाळी लावली तर कुत्रा नरभक्षक दिसतो, असं मालकांना वाटतं. दिसू दे की! पिंजऱ्यासारखी मोकळी जाळी असली, जिच्यातून त्याला धापता येतं आणि पाणी पिता येतं, तर त्रास काही नाही. आधी घरात खाऊ घालून सवय मात्र लावावी. तोंड घट्ट बांधणारी कापडी पट्टी फिरायला वापरू नये, कारण कुत्रा मुख्यतः धापूनच अंग थंड ठेवतो. आणि जाळीचा मोठा फायदा असा की गालगुच्चे घ्यायला धावणारी मंडळी आपण होऊन रस्ता ओलांडतात. जे अंतर आपण कष्टानं मिळवत होतो ते फुकट मिळतं. बाकी सामान म्हणजे छातीवर कडी असलेला हार्नेस आणि साधा, न ताणला जाणारा पट्टा. बटण दाबून लांब होणारा पट्टा दुकानातच राहू द्यावा. सोसायटीचं म्हणाल, तर लिफ्टमध्ये पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळ 2015पासून सांगतं आहे. तरी हक्क आहे म्हणून भरलेल्या लिफ्टमध्ये घुसण्यापेक्षा पुढच्या लिफ्टची वाट पाहणं किंवा जिना उतरणं शहाणपणाचं. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकांची 'घाबरू नका, तो काही करत नाही' ही सनातन घोषणा तिथं पुरावा म्हणून चालणार नाही.

उरली एक विनंती, ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांना, आणि ज्यांच्याकडे गरीब, प्रेमळ, सगळ्यांना चाटणारा कुत्रा आहे त्यांना जास्त. समोरून येणारा माणूस तुम्हाला बघताच कुत्र्यासकट गर्रकन वळला, टेम्पोमागे जाऊन उभा राहिला आणि जमिनीवर चिकनचे तुकडे टाकू लागला, तर तो वेडा नाही आणि तुम्हाला टाळतोय असंही नाही. 'चावतो का हो?' असं विचारत त्याच्या मागे जाऊ नका, 'आमच्या ब्रूनोला हॅलो करायचंय' म्हणून तुमचा पट्टा सैल सोडू नका, आणि त्याच्या कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. सरळ आपल्या वाटेनं चालत राहा. ओळख करून घ्यायचीच असेल तर तो कुत्र्याशिवाय दूध आणायला निघेल तेव्हा घ्या.