दोन्ही पंगतींचे भाऊ

तुमसरच्या धानबाजाराजवळच्या पानठेल्यावर भाऊ सकाळी दहाला हमखास सापडतात. धानपट्ट्यातल्या दर तालुक्याला असे एक भाऊ असतातच. राईस मिल छोटी, ओळखी मोठ्या. गावात दोन पुढारी असतील तर एकाच्या सभेला यांच्या सतरंज्या, दुसऱ्याच्या सभेला यांचा तांदूळ. निकालाच्या दिवशी भाऊ कपाळ पुढं करतात. "गुलाल सारखाच असते ना जी!"

अशा माणसाला परराष्ट्रधोरण कोणी शिकवावं लागत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी 25 टक्के शुल्क लावलं, मग रशियाच्या तेलाचं निमित्त काढून 27 तारखेपासून आणखी 25. ठेल्यावर सगळे गंभीर झाले. भाऊ मात्र खुलले. "आपन रशियाच्या पंगतीत जेवलो म्हनून अमेरिका रुसली. पंगत सोडाची नाई, ढेकर हळू द्याची!" ब्राझीलवरही 50 टक्के लागल्याचं कळल्यावर त्यांना सोयरा भेटल्याचा आनंद झाला. ऑगस्टअखेर मोदी चीनमध्ये तियानजिनच्या परिषदेला गेले, तेव्हा भाऊ म्हणाले, "आता पाहा, वॉशिंग्टनचा फोन येते." जुलैमध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापारकराराचं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं नाही, एवढाच काय तो संयम.

हे सगळं खर्रा घोटता घोटता. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना. तळव्याखाली ती लाकडावर घासताना येणारा खर्र आवाज हेच भाऊंचं प्रास्ताविक. (खर्रा राज्यात बंदीचा माल आहे, पण ठेल्यावर हा विषय काढत नाहीत.) 50 टक्के म्हणजे दरोडा, हे त्यांनी तीनदा सांगितलं. बाहेरून येणाऱ्या सुपारीवर आपलाच देश 100 टक्के आयातशुल्क लावतो, हे कोणीतरी मध्येच बोललं. भाऊ म्हणाले, "ते संरक्षन आहे." आणि थुंकायला उठले.

खरं तर भाऊंच्या तांदळाचा अमेरिकेशी संबंध नाही. तिकडे जातो तो मुख्यतः बासमती, पंजाब-हरियाणाकडचा. भाऊ सरकारी धान भरडतात. क्विंटलमागे 67 किलो तांदूळ गोदामात जमा केला की त्यांचं जागतिकीकरण संपलं. उरलेल्या खासगी धंद्याला झळ लागली ती 20 जुलै 2023 ला, आणि लावणारी दिल्ली होती: बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद. महिनाभरानंतर उकड्यावर 20 टक्के निर्यातशुल्क. जगाच्या तांदूळ-व्यापारातला साधारण 40 टक्के माल आपला. आफ्रिकेतल्या चुलींना तेव्हा आपणच अमेरिका वाटलो असणार. बंदी उठायला सप्टेंबर 2024 उजाडलं. त्या चौदा महिन्यांवर भाऊ भाषण देत नाहीत. दोन्ही पुढारी दिल्लीवाल्यांचेच, नाव कोणाचं घेणार?

दिवाळीनंतर एक शेतकरी धानाची ट्रॉली घेऊन मिलसमोर थांबला. भाऊंनी मूठभर धान घेतलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. आवाज कट् असा आला. तरी चेहरा पाडून म्हणाले, "ओल आहे ना जी. सतराच्या वर असंन." 2025-26 च्या हंगामात हमीभाव होता 2369 रुपये, पण सरकारी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला घरात पैसा हवा, हे दोघांनाही ठाऊक. भाऊंनी भाव सांगितला. तो ऐकून वॉशिंग्टनही लाजलं असतं.

शेतकऱ्यानं वाद घातला नाही. "समोरच्या मिलवाल्यानं मशीन लावून पाह्यलं, भाऊ. चौदा निघाली. तुमच्याकडं म्हटलं आधी विचारून घ्यावं, आपले संबंध आहेत."

भाऊ क्षणभर गप्प. मग घाईनं खर्र्याची पुडी पुढं केली. "अरे, बसा तं खरं! भावाचं पाहू ना."

त्यानं खर्रा घेतला. ट्रॅक्टर मात्र बंद केला नाही.