साक्षांकित लझान्ये

दाजींचा फोन शनिवारी रात्री साडेनऊनंतर आला, की उचलण्याआधीच मला कळतं. उद्या लझान्या आहे. एरवी ते मेसेजवर भागवतात.

"उद्या नऊला ये. जेवायला."

हे नऊ सकाळचे. जेवण साडेचारला होतं. मधले साडेसात तास आपण पंच म्हणून हजर राहायचं, वास घ्यायचा, अधूनमधून "वा" म्हणायचं आणि भूक लागली असं चुकूनही बोलायचं नाही. मी अनुभवानं शहाणा झालोय. निघण्यापूर्वी घरी दोन पोळ्या आणि रात्रीची भाजी खाऊन जातो. ताईनंही मुलांना पोहे करून दिलेले असतात. दाजींना हे माहीत नाही, आणि कुणी सांगायला जात नाही.

दाजींसारखे गृहस्थ हल्ली बरेच भेटतात. वय पंचेचाळीसच्या पुढे, घराचं कर्ज फिटत आलेलं, मुलं दहावीच्या पलीकडे गेलेली. ही मंडळी एके दिवशी स्वयंपाकघरात शिरतात, पण शिरतात ती दर्शनी दारानं, वाजतगाजत. कुणी ब्रेडचं आंबवण पाळतो, त्याला नाव ठेवतो आणि गावाला जाताना ते शेजाऱ्यांकडे सांभाळायला देतो. कुणी कॉफीच्या पाण्याचं तापमान मोजतो. वरणाच्या कुकरला किती शिट्ट्या लागतात हे यांतल्या एकालाही विचारू नये. ती रोजची बाब झाली, आणि रोजच्या बाबी दुसरं खातं बघतं.

दाजी व्यवसायानं सनदी लेखापाल. आयुष्य दुसऱ्यांच्या हिशेबात चुका काढण्यात गेलं. त्यांच्या आणि स्वयंपाकाच्या आड वर्षानुवर्षं एकच शब्द आला होता, तो म्हणजे 'अंदाज'. लग्नानंतर एकदा त्यांनी शिरा करायचा घाट घातला होता. ताईनं 'रुचिरा' काढून दिलं. त्यात 'एक वाटी रवा' असं वाचून दाजींनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "कुठली वाटी?" ताईनं मांडणीवरची दाखवली. "ही किती मिलिलिटरची?" ताई म्हणाली, "वाटीएवढी." तिथं ते प्रकरण पंधरा वर्षं थांबलं.

मग नऊ दिवसांच्या सहलीत इटलीतलं बोलोन्या आलं. बाकीचे सहप्रवासी आसिनेल्ली मनोऱ्यासमोर फोटो काढत होते तेव्हा तिथल्या गाइडनं सहज माहिती दिली. बोलोन्याच्या मांसाच्या रश्श्याची, म्हणजे रागूची कृती इटालियन पाककला अकादमीनं १७ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवलीय. २००३ साली हिरव्या लझान्याचीही नोंद झाली. दाजी जागच्या जागी थबकले. स्वयंपाकाची कृती, आणि दप्तरी दाखल! ताई सांगते, वारकऱ्याला विठ्ठल दिसावा तसा चेहरा झाला होता. गाइड पुढे बोलतच होता. १९७२ साली तिथं सोन्याची एक ताल्यातेल्ला, म्हणजे पास्त्याची चपटी पट्टी, करून ठेवलीय, कारण शिजल्यावर तिची रुंदी किती असावी यावर वाद नको. रुंदी आठ मिलिमीटर. म्हणजेच समोरच्या मनोऱ्याच्या उंचीचा बारा हजार दोनशे सत्तरावा भाग. दाजींनी तिथल्या तिथं फोनवर भागाकार करून पाहिला. जवळपास जमला.

घरी आल्यावर हे सगळं त्यांनी आईंना सांगितलं. दाजींच्या आई मूळच्या बीडकडच्या. त्या म्हणाल्या, "बहात्तर साली? सोन्याची शेवई?" मग जरा थांबून, "बहात्तर साली दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो रे. मिलो ज्वारी खायचो. ती गिळता गिळवत नव्हती." दाजींनी हे ऐकलं आणि ताल्यातेल्लाचा विषय त्या दिवसापुरता मिटवला. इतर पाहुण्यांना मात्र तो अजून ऐकावा लागतो.

तर रविवार. पहिली दहा मिनिटं उच्चाराची. मेन्यूकार्डावर 'लसॅग्ना' वाचणारा माणूस दाजींच्या लेखी सही न करता विवरणपत्र भरणारा. "त्यातला ग म्हणायचा नसतो. आणि लझान्या म्हणजे एकच पोळी. पदार्थ म्हणायचा तर अनेकवचन, लझान्ये." हे ऐकून घ्यावं लागतं. मी एकदा विचारलं होतं, की मग आपणही 'एक पुरण आणि अनेक पोळ्या' असं काही म्हणायचं का? त्या दिवशी मला कोपऱ्यातला तुकडा मिळाला, जळलेला.

खाटकाकडची फेरी आदल्या दिवशीच होते. मूळ कृतीत गोमांस. इथं मटणाचा खिमा. ही तडजोड दाजी 'स्थानिक कायद्यानुसार केलेली दुरुस्ती' म्हणून वहीत नमूद करतात. खाटीक विचारतो, "दोनदा फिरवू ना साहेब?" दाजी म्हणतात, "नाही, एकदाच, जाड." "कबाब फुटतील." "कबाब नाहीत." "मग कोफ्ते?" दर महिन्याला हाच संवाद होतो. खाटकानं आता या गिऱ्हाइकाचा नाद सोडलाय. तो खिमा जाड देतो आणि मान खाली घालून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

साडेनऊला कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून मंद आचेवर. मग खिमा, मग वाइन, मग टोमॅटो, आणि टोमॅटो बेतानंच. "लोकांना वाटतं रागू म्हणजे टोमॅटोचा रस्सा. अरे, मांस महत्त्वाचं!" शेवटी दूध. मटणात दूध पडताना पाहून आईंनी पहिल्या वेळी पदर तोंडाला लावला होता. आता त्या सुमारास त्या जपाला बसतात. हे भांडं तीन तास नुसतं पुटपुटत राहिलं पाहिजे, उकळता कामा नये. तीन तासांत दाजी अकरा वेळा झाकण उघडतात. मी मोजलेत.

आता पीठ. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, हे बोलोन्याचं सूत्र. पीठ 'दोन शून्य' नंबरचं, इटलीहून आलेलं, एका किलोत आपला आठवड्याचा भाजीपाला येईल एवढ्या किमतीचं. ताईनं पहिल्यांदा पिशवी उघडून बोटांत चुरडून पाहिलं आणि म्हणाली, "मैदाच की." तो आठवडा त्या घरात जरा शांत गेला. शिवाय अंडं म्हणजे केवढं अंडं? आपल्याकडची अंडी लहान. म्हणून दाजी प्रत्येक अंडं फोडण्याआधी आणि फोडल्यावर, असं दोनदा तोलतात आणि टरफलाचं वजन वजा करतात. हे मी विनोदासाठी लिहीत नाहीये. वहीत तसा रकाना आहे.

पालक उकडून, घट्ट पिळून, वाटून पिठात. गोळा तासभर झाकलेला. मग येतं ते लाटणं. बोलोन्यात पोळी लाटणाऱ्या बायकांना 'स्फोलिना' म्हणतात आणि त्यांचं लाटणं चांगलं हातभर लांब असतं. आपल्या लाटण्यानं भागणार नाही म्हणून दाजींनी सुताराकडून शिसवी करून घेतलं. सुतारानं डिलिव्हरी देताना ताईला हळूच विचारलं होतं, "वहिनी, घरात सगळं ठीक आहे ना?"

लाटणं मात्र दाजींना येतं, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या दोन वर्षांत महाराष्ट्राचा, मग गुजरातचा, मग श्रीलंकेचा नकाशा व्हायचा. आता गोल होते. ओट्यावर मावत नाही म्हणून जेवणाच्या टेबलावर लाटतात. पोळीची कड टेबलावरून खाली लोंबते आणि ते तिला लाटण्यावर गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत, हातांचे तळवे मधून कडेकडे सरकवत नेतात. त्या वेळी ते बोलत नाहीत. महिन्याभरात एवढा वेळ गप्प बसलेले दाजी मी दुसरीकडे कुठं पाहिलेले नाहीत. कपाळावरचा घाम पुसायलाही थांबत नाहीत, मनगटानं निपटतात. बोलोन्यात म्हणतात, की पोळी इतकी पातळ हवी की तिच्यातून टेकडीवरचं सान लूकाचं देऊळ दिसावं. दाजी दोन्ही हातांवर ती हिरवी पोळी झेलून बाल्कनीत जातात आणि उजेडाला धरतात. मागच्या खेपेला समोरच्या विंगची पाण्याची टाकी दिसली. दाजींनी ती मंजूर केली.

मग तुकडे कापून ते टॉवेलच्या स्टँडवर सुकत घातले जातात. इथं एक गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. मार्चमध्ये कामाच्या मावशी अकराला आल्या, स्टँडवरचं एक मऊ, दमट, हिरवं फडकं त्यांनी उचललं आणि ओटा पुसायला घेतला. दोन हात मारल्यावर म्हणाल्या, "ताई, ह्या फडक्याचा रंग जातोय." दाजींनी वहीत एक पोळी 'गहाळ' दाखवली.

बेशामेल्ला, म्हणजे लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस, हा दिसायला सोपा प्रकार. पन्नास ग्रॅम लोणी, पन्नास ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध, वर जायफळ किसून. एकदा दाजींनी दूध एकदम ओतलं. गुठळ्या झाल्या. ताई दारात उभी होती. पिठलं करणारी बाई, तिला लांबूनच कळलं. "रवी देऊ का?" दाजी म्हणाले, "नको." ताई कपडे वाळत घालायला गेली. तासाभरानं सिंकमध्ये रवी पडलेली होती, पांढरी झालेली. कुणी काही विचारलं नाही.

पुढे रचना. पोळी, रागू, बेशामेल्ला, किसलेलं पार्मिजानो, पुन्हा पोळी. यात मोझरेला नाही, रिकोत्ता नाही. "ते नेपल्सचं. तिकडे कार्निवलला करतात, आत बारीक कोफ्ते आणि उकडलेली अंडीसुद्धा घालतात." स्वर असा, की जणू कोल्हापूरकर सावजी रश्श्याबद्दल बोलतोय. आणि हॉटेलात मिळणारा कॉर्न-ढोबळी मिरची-पनीरचा लझान्या? त्यावर दाजी काही बोलत नाहीत, फक्त चष्मा काढून पुसतात. शेजारच्या काकूंनी एकदा उत्साहानं म्हटलं होतं, "आमच्याकडे चकोल्या करतात तसंच की हे!" काकूंना पुढच्या तीन रविवारी बोलावणं गेलं नाही.

चारनंतर ओव्हन उघडतो. वरची कड तपकिरी, मधे बुडबुडे. वास जिन्यापर्यंत जातो, आणि खरं सांगायचं तर त्या वासापुढे माझी सगळी टिंगल गळून पडते. पण लगेच कापायचं नाही, वीस मिनिटं थांबायचं, नाहीतर थर घसरतात. सगळे ताटल्या घेऊन बसलेले. भाची घड्याळ बघते. दाजी टेबलाशी उभे, हातात सुरी, आणि त्या वीस मिनिटांत ते आम्हाला पेल्लेग्रिनो आर्तुझीची गोष्ट सांगतात. हा माणूस रेशमाचा व्यापारी, स्वयंपाकी नव्हेच. सत्तरी गाठल्यावर, १८९१ साली, पाककृतींचं पुस्तक त्यानं पदरचे पैसे घालून छापलं, आणि ते इटलीत घराघरांत गेलं. दाजी दर वेळी 'स्वयंपाकी नव्हेच'वर जरा थांबतात. आम्ही मान हलवतो.

चव उत्तम असते. सात थर सुटे दिसतात, जिभेवर एकत्र येतात. आईंना पालकाची वेगळी पोळी ताईनं लोणी लावून दिलेली असते. मटण त्या खात नाहीत. त्या चावून बघतात आणि म्हणतात, "कणीक बरी मळलीस." मी पाहिलंय, पाहुण्यांच्या दहा 'अप्रतिम'पेक्षा दाजी हे वाक्य ऐकायला थांबलेले असतात.

गेल्या रविवारी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात, मी गेलो तर ओव्हन बंद. ओट्यावर खिमा नाही, टेबलावर शिसवी लाटणं नाही. हॉलमध्ये आई सतरंजीवर बसलेल्या, पुढ्यात परात, परातीत बन्सी गव्हाचा बारीक रवा. पुतण्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, रुखवतात वळवट ठेवायचं होतं. सुपात आधीच थोडे गव्हले पडले होते, तांदळाच्या दाण्याएवढे. शेजारी नखुल्या, मालत्या, नव्या फणीवर दाबून रेघा उठवलेल्या फणोल्या. आणि त्यांच्यासमोर मांडी घालून दाजी, मांडीवर वही.

"इटलीत गार्गानेल्ली म्हणून प्रकार आहे," ते मला म्हणाले. "तो पण फणीवर! आणि हे आपल्याकडे कुठंच नोंदलेलं नाही. एक ग्रॅम नाही, एक मिलिलिटर नाही. आई गेली की..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. आई शांतपणे म्हणाल्या, "बोल की पुढं." दाजींनी परात उचलून खाली वजनकाटा सरकवला.

"आई, थांब जरा, शून्य करू दे."

"काय करायलास रे?"

"शून्य. परातीचं वजन वजा."

आईंनी तांब्यात बोटं बुडवली आणि रव्यावर पाणी शिंपडलं. काट्यावरचा आकडा हलला. दाजींनी लिहिलं. पुन्हा शिंपडलं, पुन्हा लिहिलं. मग आईंनी हात रव्यात घातला आणि मळायला लागल्या, तसा आकडा चारशे, दीड हजार, नऊशे असा नाचायला लागला.

"आई, हात काढ ना."

"हात काढून कसं मळू?"

दाजी पेन्सिल चावत बसले. तेवढ्यात बाल्कनीतला उजेड मंदावला. आईंनी मान वळवून बाहेर पाहिलं, बोटांत रवा चुरडला आणि तांब्या बाजूला सारला.

"बास झालं पाणी. आभाळ आलंय. आज कमी लागतं. आजचं मोजून काय करणार?"

दाजींनी बाहेर पाहिलं. आकाशाकडे बराच वेळ पाहिलं. मग वही उघडून पाण्याच्या रकान्यातले दोन्ही आकडे खोडले, पट्टी लावून शेवटी एक नवा रकाना आखला आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'शेरा – आभाळ.'