तात्यांचा तोफखाना

तात्यांसमोर 'बिग बर्था' हे नाव काढू नये. मी एकदा काढलं. "तीच ना, जिनं पॅरिसवर गोळे टाकले?" एवढंच म्हणालो आणि दुधाची पिशवी हातात धरून जिन्यात पाऊण तास उभा राहिलो.

"बर्थाचं तोंड 42 सेंटीमीटरचं. तिनं 1914 साली लिएजचे किल्ले फोडले. पल्ला जेमतेम नऊ किलोमीटर! पॅरिसवर मारा केला तो 1918च्या मार्चमध्ये, दुसऱ्याच तोफेनं. सुमारे 120 किलोमीटरवरून. म्हणजे इथून डागली तर गोळा मुंबईत." मुंबई म्हणताना पुणेकर तात्यांच्या तोंडावर जरा जास्तच समाधान पसरलं, असं आपलं मला वाटलं.

या पॅरिसवाल्या तोफेची नळी प्रत्येक बारागणिक झिजून रुंदावायची. म्हणून गोळ्यांना क्रमांक घातलेले. पुढचा प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड. माझ्या विजारींचंही दर दिवाळीला हेच होतं, पण ते बोलायची सोय नव्हती.

तात्या सैन्यात कधीच नव्हते. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली. लवंगी वाजली तरी कानात बोटं घालतात. निवृत्तीनंतर मुलानं भजनं ऐकायला टॅब दिला आणि त्यात यांना अमेरिकी सैन्याच्या जुन्या मासिकांचे स्कॅन सापडले. 'फील्ड आर्टिलरी जर्नल' 1911 पासूनचं. 'कोस्ट आर्टिलरी जर्नल' तर दुसऱ्या नावानं 1892 पासून निघत होतं. लोकांना कालचा पेपर शिळा वाटतो. तात्यांना शंभर वर्षांच्या आतलं काही पचत नाही.

वाचणं हे निमित्त. खरं सुख चूक धरण्यात. एका अंकात पल्ला यार्डांत, दुसऱ्यात मीटरमध्ये, आणि दोन्हींचा मेळ बसत नसला की तात्या वीजबिलाच्या कोऱ्या बाजूवर लाल पेननं हिशेब मांडतात आणि केव्हाच वारलेल्या कुणा कॅप्टनला खुलासा मागितल्यासारखे पुटपुटतात. स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या संगणकानं एकदा 'गन'चं 'गम' वाचून ठेवलेलं सापडलं. तेव्हापासून ते डिंकही शोधतात.

गेल्या वर्षी एका आराखड्यापायी घर वेठीला धरलं होतं. किनाऱ्यावरची लपणारी तोफ: बार झाला की स्वतःच्याच धक्क्यानं भिंतीआड खाली बसते. "बोलून झालं की खाली बसते?" काकू म्हणाल्या. "शहाणी आहे." आराखडा मासिकात घडी घालून चिकटवलेला, आणि स्कॅन करणाऱ्यानं ती घडी उलगडलीच नव्हती. तात्यांना हवा होता तो तोफ वर उचलणाऱ्या वजनाचा आकडा, नेमका घडीच्या पोटात.

स्कॅन करणाऱ्यांना इंग्रजी पत्र मी लिहून दिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: पान उलगडून पुन्हा स्कॅन केलंय. तात्यांनी मला चहा अर्धा टाकून वर बोलावलं. पडद्यावर आराखडा ऐसपैस पसरला होता. रेघ न् रेघ स्वच्छ. फक्त त्या आकड्यावर, पान सपाट धरून ठेवणारा, हातमोज्यातला एक अंगठा.

तात्या बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे खुर्ची सरकवली.

"बस. पत्र लिही. सुरुवात आभारानं कर."