हौशी मेकॅनिक, मुळशी तालुका

हौशी मेकॅनिक मूळचा कोथरूडचा. मुळशी तालुक्यात तो शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास दिसू लागतो. चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट करत तो पौडच्या पुढे, धरणाच्या अंगाला असलेल्या आपल्या दहा गुंठ्यांवर पोचतो. वय पंचावन्नच्या पुढे. नोकरी बँकेत, विम्यात किंवा एखाद्या कंपनीच्या खरेदी खात्यात झालेली, म्हणजे विजेशी आजवरचा संबंध बिल भरण्यापुरता. इंजिनिअर या जातीत सहसा सापडत नाहीत. त्यांना एसीवाल्याला फोन करायची लाज वाटत नाही.

त्याची हत्यारं डिकीत, बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतात. त्यात एक टेस्टर, एक पक्कड, गोंद वाळून गेलेली इन्सुलेशन टेप आणि तीन स्क्रू ड्रायव्हर. त्यांतल्या मोठ्याने बंगल्याचा राखणदार रंगाचे डबे उघडतो, असा हौशी मेकॅनिकला संशय आहे आणि तो खरा आहे.

मुळशीत एसी लागतोच कशाला, असं आसपासचे गावकरी विचारतात. एप्रिल-मे सोडले तर संध्याकाळी धरणावरून येणारा वारा पुरेसा असतो. पण खिडकी उघडली की वाऱ्याबरोबर डासही येतात. आणि पावसाळ्यात तर इथे थंडीपेक्षा ओल जाच करते: पापड डब्यात मऊ पडतात, पट्ट्याला बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही. एसीचा जन्मही ओलीपायीच झाला. 1902 साली विलिस कॅरिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी पहिलं यंत्र आखलं, ते कामगारांना गार वाटावं म्हणून नव्हे, तर दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई सरकू नये म्हणून. हौशी मेकॅनिक ही गोष्ट पाहुण्यांना सांगतो, आणि मग एसी 18 वर लावून सगळ्यांना गोधड्या वाटतो.

त्याचा खरा हंगाम सुरू होतो तो रिमोटने एसी बंद करूनही आतला पंखा फिरत राहतो त्या दिवशी.

पहिलं निदान ठरलेलं: "गॅस गेलाय." एसीच्या कोणत्याही दुखण्यावर महाराष्ट्रात हे निदान चालतं. वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो आणि कुठे गळती झाली तरच कमी होतो. कमी झाला तर हवा गार येत नाही एवढंच. पंख्याला त्याचं सुखदुःख नाही. तो नुसती हवा फेकत बसतो.

दुसरा संशय रिमोटवर. रिमोट आधी झटकला जातो, मग मांडीवर आपटला जातो, मग त्यातले सेल गोल फिरवून पाहिले जातात. शेवटी दिवाणखान्यातल्या घड्याळाचे सेल काढून रिमोटमध्ये घातले जातात. त्यामुळे या बंगल्यांत बरेचदा सकाळचे सात वीस वाजलेले असतात आणि जेवायला उशीर होतो. रिमोटच्या काचेवर "बंद" दिसतं म्हणजे एसीला ते ऐकू गेलं, असं हौशी मेकॅनिक धरून चालतो. पण रिमोट एकतर्फी बोलतो. त्याच्या काचेवर दिसतं ते त्याने काय सांगितलं ते; एसीने काय ऐकलं हे त्याला कधीच कळत नाही. (अशा स्वभावाची माणसंही मुळशीत येतात, शनिवारीच.) मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं तर पुढचा बारीक दिवा जांभळट लुकलुकताना बहुतेक मोबाइलमध्ये दिसतो, म्हणजे रिमोट शाबूत. एसीचं पुढचं झाकण उचललं की आत एक छोटं बटणही असतं; त्याने यंत्र बंद झालं तर दोष रिमोटचा किंवा एसीच्या ऐकण्याचा. ही माहिती सोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. पुस्तिका कोथरूडला असते.

बरेचदा तर काही बिघडलेलंच नसतं. खोली हवी तेवढी गार झाली की बाहेरचा कॉम्प्रेसर थांबतो, पण आतला पंखा चालूच राहतो, कारण खोलीची हवा फिरवून तापमान अजमावायचं असतं. मुळशीच्या दमट हवेत मात्र त्याचा एक तोटा होतो: गार नळ्यांवर धरलेलं पाणी हा पंखा पुन्हा खोलीत उडवतो आणि पापड परत मऊ पडतात. दुसरा प्रकार एसी बंद केल्यानंतरचा. हल्लीच्या बऱ्याच एसींत आतल्या नळ्या वाळाव्यात, बुरशी धरू नये म्हणून पंखा आणखी काही मिनिटं फिरतो आणि मग आपोआप थांबतो.

या आपोआप थांबण्याने हौशी मेकॅनिकचं आयुष्य बदललं. एका शनिवारी तो स्टुलावर चढून एसीच्या डाव्या कडेला, खालून चार बोटं वर, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोनदा ठोकत होता, आणि नेमका त्याच क्षणी पंखा थांबला. खाली चारजण बघत होते. त्या दिवसापासून दोन टिचक्या हा इलाज झाला. शेजारच्या प्लॉटवर तो सांगितला गेला, फोनवरून सांगलीच्या मेहुण्यालाही.

पुढे पावसाळ्यात पंखा खरोखरच बिघडला. टिचक्यांना दाद देईना, तासाभरानेही थांबेना. राखणदाराने पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "साहेब, बटण पाडू का?" हौशी मेकॅनिकने त्याला बोर्डाला हात लावायची मनाई केली. एमसीबी पाडला की पंखा थांबेल, पण मग कारण कसं कळणार? त्याला पंखा थांबायला नको होता, कारण हवं होतं. त्यासाठी पंखा आठवडाभर फिरत राहिला. आतला पंखा साधारण 40 वॅटचा धरला तर दिवसाला जवळजवळ एक युनिट, आठवड्याला सात. हा हिशेब त्याने स्वतः करून कॅलेंडरवर लिहिला. मग मंगळवारी तो अजून फिरतोय का हे बघायला मुद्दाम गाडी काढून आला. त्या पेट्रोलचा हिशेब कॅलेंडरवर नाही.

मधे लाईट गेली तेव्हाच काय तो पंखा थांबला. अशा वेळी हौशी मेकॅनिक व्हरांड्यात बसून समोरच्या पाण्याकडे बोट दाखवतो: या पाण्यावर खाली भिऱ्याला वीज होते ती टाटांची, मुंबईसाठी, याच धरणापायी 1921 पासून सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, आणि आपल्याला मात्र रस्त्याकडेच्या डीपीवर अवलंबून राहायचं. यातलं सगळं खरं आहे. लाईट आली आणि रिमोटला कोणी हातही न लावता पंखा लगेच भर वेगात सुरू झाला. दोष कुठे आहे याची एवढी स्वच्छ खूण दुसरी नाही. तो तेव्हा सत्याग्रहावरच होता.

पौडहून एसीवाला आला तो मोटारसायकलवर, विशीतला, पायात चपला. त्याचं पहिलं वाक्य, "काका, एमसीबी कुठंय?" बटण पाडलं, मल्टिमीटर काढला, एसीची उजवी कड उघडली. एसीचं सर्किट कार्ड तिथे असतं. डाव्या कडेला पंख्याच्या दांड्याचं बेअरिंग आणि प्लास्टिक, बाकी काही नाही. हौशी मेकॅनिकने बॅटरी धरली होती. ती किंचित हलली.

"वेग कमी-जास्त होत होता का?"

"नाही. फुल्लच."

"मग ट्रायक शॉर्ट."

ट्रायक हा कार्डावरचा नखाएवढा तुकडा. पंख्याला जाणारी वीज छाटून तो वेग ठरवतो. तो खराब होतो तेव्हा बहुधा आरपार जोडला जाऊनच. मग छाटणं संपलं, रिमोट काहीही म्हणो. काही एसींत पंखा रिलेवर चालतो, तिथे ठिणगीने रिलेची टोकं एकमेकांना चिकटतात आणि परिणाम तोच होतो. या कार्डावर शिवाय मुंग्यांनी घर केलं होतं. आऊटडोअर उघडायचं तर बटण पाडल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्याला लगेच हात लावू नये, हेही पोराने जाता जाता सांगितलं. हौशी मेकॅनिकने मागे लागलेल्या झटक्याला इतके दिवस "झिणझिण्या" म्हटलं होतं.

नवं कार्ड बसलं. जुनं त्याने मागून घेतलं आणि अभ्यासासाठी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलं. कोथरूडच्या खणात मिक्सरची, गिझरची आणि एका ट्रान्झिस्टरची अशी अभ्यासाची सामग्री आधीच पडून आहे.

रविवारी पिरंगुटला गर्दी लागायच्या आत निघायचं म्हणून साडेतीनला आवराआवर होते. रिमोटने एसी बंद केला जातो. दाराला कुलूप लावताना आतून पंख्याची घरघर ऐकू येते. गाडी सुरू असते, बायको हॉर्न वाजवते, राखणदार काही बोलत नाही. हौशी मेकॅनिक कुलूप उघडून आत जातो, स्टूल ओढतो, डाव्या कडेला, खालून चार बोटं वर, दोन टिचक्या मारतो, आणि पंखा थांबेपर्यंत तिथेच उभा राहतो.