स्टेशन वॅगनला साचा कोण देतो?

अमेरिकेत मोटारींची प्लास्टिक किटं प्रामुख्यानं 1/25 या प्रमाणात निघतात. या मापात मस्टँग नि कॅमेरो इतक्यांदा निघाल्या की छंदी माणसाच्या माळ्यावर त्यांचं पार्किंग फुल्ल असतं. स्टेशन वॅगन मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्या. शेव्हरोले नोमॅड, 1965ची शेव्हेल अशा काही नशीबवान. बाकीच्या वर्षानुवर्षं इच्छायादीत मुक्काम ठोकून आहेत.

कारण सरळ आहे. 1960च्या दशकात एएमटी, जो-हॅन या कंपन्या मोटार उत्पादकांसाठी जाहिरातीची छोटी मॉडेलं बनवत आणि त्याच साच्यांतून किटं काढत. मिरवायला हवी असायची ती ऐटबाज दोन दारांची गाडी. शिवाय आई जिच्यातून किराणा आणते, त्या गाडीवर खाऊचे पैसे कोणता मुलगा उधळेल? तोच मुलगा आता आजोबा झाला. खिशात पैसे आहेत आणि हवी आहे नेमकी तीच गाडी, जिच्या मागच्या सीटवर भावंडांशी मारामाऱ्या केल्या. पण सेडानचा साचा इथे चालत नाही. टप, बाजूच्या काचा, मागचा तळ, मागचं दार, सगळं नवं करावं लागतं. तो खर्च थोड्या हौशी आजोबांसाठी कोण करणार?

या इच्छायादीत 1964ची ओल्ड्समोबिल व्हिस्टा क्रूझर हमखास असते. तिच्या उंचावलेल्या टपात काच बसवलेली, म्हणजे आतल्या पोरांनी आभाळ बघत बसावं आणि पुढच्यांना जरा शांतता मिळावी. जनरल मोटर्सच्या 1971 ते 1976च्या मोठ्या वॅगनचं मागचं दार तर खास कौतुकाचं. काच वर सरकून टपात शिरे, खालची फळी तळाखाली गडप होई. सुमारे पावणेसहा मीटरची ही गाडी 1/25 मध्ये 23 सेंटिमीटरची होते. त्यात हे दार चालवून दाखवायचं म्हणजे घड्याळजीचं काम. फोर्ड कंट्री स्क्वायरच्या अंगावरचं लाकूड 1950च्या दशकातच व्हिनाइलचं झालं. मॉडेलवर त्याची छापील पट्टी पाण्यात भिजवून चिकटवायची. सोंगाचं सोंग, पण चिकटवताना जीव मुठीत!

सर्वांत न्यारी स्टुडबेकर वॅगोनेअर, 1963ची. टपाचा मागचा भाग पुढे सरकायचा, फ्रिज उभा नेता यायचा. पावसात तीच फट गळायची, हीही तिची ख्याती. मॉडेलवर पाऊस पडत नाही, त्यामुळे न गळणारी वॅगोनेअर हवी असेल तर ती छोटीच करावी लागेल.

अशी किटं निघेपर्यंत हौशी मंडळी बारीक करवतीनं सेडानचा टप कापतात, नाहीतर घरगुती कारागिरांनी ओतलेली रेझिनची बॉडी विकत घेतात. तिच्यातले बुडबुडे पुट्टीनं बुजवण्यात रविवार संपतो.

भारतीय यादी केलीच, तर पहिला मान पुण्यात बनलेल्या 1992च्या टाटा इस्टेटचा. तिचं जोडायचं किट निघायचं झालं, तर मोजमापाला खरी गाडी लागणार. तेव्हा कुणाच्या अंगणात इस्टेट धूळ खात उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी निदान तिला एकदा टेप लावून घ्यावी.