नेपथ्य : तात्या

डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट विकायला काढला, की दोन-चार दिवसांत दारात एक तात्या उभे राहतात. आमच्या भागात ते तात्या आहेत. तुमच्याकडे अण्णा असतील, नाना असतील, एखाद्या ठिकाणी वहिनीही असतील. बँकेतून व्हीआरएस घेतलेली, शर्टाच्या खिशात मेजर टेप, हातात कापडी पिशवी. एजंट म्हटलेलं त्यांना आवडत नाही. एजंट कुलूप काढतो आणि घर दाखवतो. तात्या आधी घर लावतात, मग दाखवतात.

याचं मूळ बँकेच्या नाट्यमंडळात आहे. तिथे तात्यांना उभ्या जन्मात भूमिका मिळाली नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या पत्रिकेत अगदी खाली, 'नेपथ्य' या शब्दापुढे त्यांचं नाव यायचं, आणि परीक्षक दर वर्षी प्रकाशयोजनेचं कौतुक करून निघून जायचे. निवृत्तीनंतर त्यांना अखेर असा रंगमंच सापडला जिथे नट दुय्यम आहेत.

पहिल्या भेटीत ते चहा घेत नाहीत. उंबऱ्यात उभे राहून मिनिटभर नुसते बघतात आणि म्हणतात, "माणसं फार दिसतायत." घरात तेव्हा नवरा-बायको दोघंच असतात. तात्यांचा रोख भिंतींवर असतो. लग्नातला फोटो, मुलाचा पदवीची टोपी घातलेला फोटो, आंतरशालेय कॅरमचा कप, वैष्णोदेवीला काढलेला ग्रुप फोटो, सगळं खाली उतरतं. फ्रिजवरची चुंबकं जातात. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढताना वहिनींचा जीव खालीवर होतो, कारण दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि भिशीचे नंबर असा घराचा सगळा दफ्तरखाना त्यावर असतो. "वहिनी, घेणाऱ्याला त्याचं दूध दिसलं पाहिजे, तुमचं नाही," तात्या सांगतात. या वाक्याचा नेमका अर्थ मला अजून लागलेला नाही, पण वहिनी कालनिर्णय काढून देतात.

काढलेलं सामान माळ्यावर जातं आणि माळा भरला की शेजाऱ्यांकडे. मग कापडी पिशवी उघडते. तिच्यात मोतिया रंगाचे पडदे, पांढरी चादर, पितळी समई, मनीप्लांटसाठी निळी बाटली आणि पिवळसर उजेडाचे चार एलईडी बल्ब असतात. ही सामग्री गावभर फिरते. एका गृहस्थांनी एका रविवारी तात्यांबरोबर तीन घरं पाहिली आणि तिसऱ्या घरात बायकोला हळूच म्हणाले, "डोंबिवलीत सगळ्यांकडे हीच समई कशी गं?" तात्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "गावाला परंपरा आहे."

वेळेचं गणित त्यांचं स्वतःचं आहे. आमच्या बिल्डिंगी इतक्या खेटून उभ्या आहेत की हॉलमध्ये ऊन येतं ते सकाळी सव्वादहा ते साडेअकरा. पार्टी त्याच वेळात यायची. पितृपक्षात कोणी टोकन देत नाही, तेव्हा ती पंधरवडाभराची सुट्टी लांबी मारायला आणि डिस्टेंपरला. पार्टी यायच्या दिवशी घरात तळण नाही, सुकट तर नाहीच. गॅसवर मंद आचेवर दूध आणि दुधात वेलची. शिवाय वारा. एमआयडीसीकडून वारा असला तर तात्या पार्टीला फोन करून "मालकांना अचानक बाहेर जावं लागलं" म्हणून कळवतात. २०२० च्या फेब्रुवारीत तिथला एक रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री पाहणीला येऊन गेले, तेव्हा तात्यांनी बरेच दिवस सगळ्याच मालकांना बाहेरगावी पाठवलं होतं.

एका मालकांच्या न्यू जर्सीतल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर ज्ञान दिलं. तिकडे याला होम स्टेजिंग म्हणतात; बार्ब श्वार्त्झ नावाच्या बाईंनी सत्तरच्या दशकात सिएटलच्या बाजूला त्याचा धंदा सुरू केला; रिकाम्या घरात भाड्याचे सोफे आणून मांडतात. तात्यांनी एकच विचारलं, "बाई आधी नाटकात होत्या का?" होत्या असं कळल्यावर मान डोलावली. मग म्हणाले, "पण त्यांना समोरची बिऱ्हाडं नव्हती."

खरं अवघड काम तेच. अमेरिकेत घर सजवून भागतं, इथे मजला सजवावा लागतो. जिन्यातल्या चपला आत जातात. लिफ्टमधला 'लिफ्ट बंद आहे' हा बोर्ड, लिफ्ट चालू असली तरी कोणी काढलेला नसतो, तो तात्या काढतात. वॉचमनला 'गुड मॉर्निंग सर' शिकवतात. आणि मग येतात समोरच्या काकू. काकूंचं दार दिवसभर उघडं, मन त्याहून उघडं. पार्टीने "पाणी कसं आहे हो इथे?" एवढं विचारायचा अवकाश, की काकू मे महिन्यापासून सुरुवात करतात. तात्यांनी काकूंना आधी विनवलं, मग दिवाळीचा फराळ पोचवला, शेवटी भूमिका दिली. आता काकू ठरल्या वेळी दारात येतात, "छान आहेत हो सगळी माणसं, आमचं नातं घरच्यासारखं," म्हणतात आणि आत जातात. दुसरं वाक्य बोलायला त्यांना मनाई आहे.

घरात आजी असेल तर तिला रिक्षाने गणेश मंदिरात पोचवायचं, हा नियमच. एकदा आजी गेली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. पार्टी बेडरूममध्ये शिरली तशी खाटेवरून म्हणाली, "या भिंतीला पावसाळ्यात ओल येते बरं का बाळा." मालकांचा चेहरा पडला. तात्या मात्र ताबडतोब, "बरोबर सांगतायत. वरच्या बाथरूमचं लिकेज आहे, सोसायटीला पत्र दिलंय, ही प्रत," म्हणून फाईल पुढे करते झाले.

इथे या माणसाबद्दलचं माझं मत बदललं. ऊन, वास, पडदे, काकू यांत ते हवं ते करतील. पण ओलीवर कपाट सरकवणार नाहीत. भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर, सोसायटी ट्रान्सफरचे कमाल २५ हजारच घेऊ शकते, हे सगळं ते चहाच्या आधी सांगून मोकळे होतात. करारनाम्यात बिल्टअप लिहिलेलं असलं तरी खिशातली टेप काढून पार्टीच्याच हातात देतात आणि कार्पेट मोजायला लावतात. याला कोणी प्रामाणिकपणा म्हटलं तर तात्या वैतागतात. त्यांचं म्हणणं, पडदा पडल्यावर प्रेक्षक घरी जातो, पार्टी तर इथेच राहायला येणार, आणि भाजी घ्यायला फडके रोडलाच भेटणार.

वार मात्र ते अचूक जागी करतात. नवरा भिंती ठोकत असताना बायकोला खिडकीत उभं करतात आणि हलकेच सांगतात, "एकट्या वहिनींच्या नावावर घेतलंत, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे महाराष्ट्रात." पुढचं त्या दोघांचं घरी जाऊन होतं.

परवा एका वन बीएचकेचं टोकन ठरलं. भाव, तारखा, कर्जाचं पत्र, रजिस्ट्रेशनचे ३० हजार कोणी भरायचे, सगळं पाऊण तासात मिटलं. लेखी काढताना घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "फॅन-ट्यूब राहणार ना? आणि ते हॉलमधले पडदेही राहू द्या. त्या पडद्यांमुळेच तर घर आवडलं." मालक उदारपणे म्हणाले, "राहू द्या की!" मालकांच्या बापाचं काय जात होतं. तात्यांचा रंग उडाला. लाखांच्या घासाघिशीत न हललेला माणूस पडद्यांवर अर्धा तास लढला. नवे घेऊन देतो म्हणाले, शिंप्याचा पत्ता देतो म्हणाले. बाई ऐकेनात. शेवटी तात्यांनी दलालीतले पाच हजार सोडले.

सोमवारी पडदे पश्चिमेला एका टू बीएचकेत लागले. उंचीला चार बोटं कमी पडतात, म्हणून तिथल्या पार्टीला ते लांबूनच दाखवणार आहेत.