चार चौकटींचा मालक

वेबकॉमिकवाल्याला लग्नाला जरूर बोलवावं, पण त्याच्यादेखत रुसू नये. मठ्ठा आंबट लागला म्हणून वरमाय रुसली, की हा जिलबी अर्धी टाकून उठतो, खांबाआड जातो आणि फोनवर दोन ओळी टिपून घेतो. पुढच्या गुरुवारी रात्री नऊ वाजता तीच वरमाय इन्स्टाग्रामवर चार चौकटींत अवतरते. नाक थोडं लांब केलेलं असतं, शालूचा रंग बदललेला असतो, पण रुसवा तोच आणि मठ्ठाही तोच. कुणाशी साम्य आढळल्यास योगायोग समजावा, असं खाली लिहायचं त्याच्या मनात असतं. पण ती जागा हॅशटॅगांनी आधीच अडवलेली असते.

हा गृहस्थ बहुधा डोंबिवलीचा, नाहीतर कोथरूडचा. पंचविशी ओलांडलेला, दिवसा कुठल्याशा आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा. (मुलीही या धंद्यात पुष्कळ आहेत. पण त्या गुरुवार चुकवत नाहीत, त्यामुळे विनोदी लेखकाच्या फारशा उपयोगाच्या नाहीत.) त्याला कुणी 'व्यंगचित्रकार' म्हटलं की तो संकोचतो आणि 'इन्फ्लुएन्सर' म्हटलं की चिडतो. स्वतःविषयी बोलायची वेळ आली की म्हणतो, "मी इंडिपेंडंट आहे." आत्याला वाटतं, याचा घटस्फोट झाला.

स्वतंत्र म्हणजे डोक्यावर संपादक नाही. ऐकायला झकास वाटतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाला, तेव्हा तो घराघरात पोचवायची चिंता त्या दोघांना नव्हती. ते काम पहाटे सायकलवरून पेपर टाकणारा पोऱ्या करायचा. वेबकॉमिकवाल्याच्या राज्यात चित्रकार हाच, पोऱ्या हाच, आणि पेपर टाकून झाल्यावर कुणी दार उघडतंय का हे बघत जिन्यात ताटकळणाराही हाच.

त्याची हत्यारं साधी असतात. क्रिटा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे आणि त्यावर उत्तम काम होतं, हे तो दुसऱ्यांना आवर्जून सांगतो. स्वतः मात्र हप्त्यांवर आयपॅड घेतो, कारण प्रोक्रिएट त्याच्यावरच चालतं. प्रोक्रिएटचे पैसे एकदाच भरावे लागतात, असं घरी सांगताना आयपॅडच्या हप्त्यांचा विषय तो कौशल्याने टाळतो.

खरी लढाई अक्षरांशी. चित्रं काढायची बरीच सॉफ्टवेअरं देवनागरी समोर आली की अडखळतात. पहिली वेलांटी डावीकडे बसायची सोडून उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं एकमेकांपासून फारकत घेतात. पात्रं प्रेमात असोत की भांडणात, बोलतात ती पाय मोडूनच. शेवटी हा वैतागून हाताने लिहायला घेतो. इंग्रजी कॉमिकवाला सगळी मोठी अक्षरं एका उंचीत ठोकून मोकळा होतो. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळींत अंतर सोडलं नाही तर वरचा उकार खालच्या अनुस्वाराच्या डोळ्यात जातो. अंतर सोडलं तर संवादाचा फुगा वाढतो, आणि फुगा वाढला की बोलणाऱ्याचं डोकं झाकलं जातं. याच्या चित्रांतल्या निम्म्या माणसांना कपाळ नसतं, ते यामुळे. समीक्षकांनी त्याला शैली समजू नये.

अक्षरांना कंटाळून एकदा त्याने निःशब्द चित्र काढायचं ठरवलं. शि. द. फडणीसांनी 'मोहिनी'च्या मुखपृष्ठांवर एकही शब्द न वापरता महाराष्ट्राला हसवलं, मग आपल्याला काय अवघड आहे? काय अवघड आहे ते संध्याकाळपर्यंत कळलं आणि तो निमूटपणे फुग्यांकडे परतला.

चित्र काढून झालं की खरं काम सुरू होतं. इतर कलावंत इथे दमून झोपतात. हा मात्र आता प्रसिद्धीप्रमुखाची टोपी घालतो, आणि स्वभावाने असा, की बसमध्ये 'पुढे चला' म्हणायलाही याला दोन स्टॉप लागतात. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये पूर्वी दहा चित्रं मावायची, २०२४ पासून वीस मावतात. म्हणून चार चौकटींची चार पानं करायची, पाचव्यावर 'आवडलं तर शेअर करा' आणि सहाव्यावर हात जोडलेली स्वतःची आकृती. गुरुवारी रात्री नऊच का, यामागे त्याचं शास्त्र आहे. तेव्हा जेवणं झालेली असतात, भांडी व्हायची असतात आणि घरातले पुरुष फोन घेऊन दडलेले असतात. हे त्याला अल्गोरिदमने सांगितलेलं नाही, आईने सांगितलंय.

कॉमिकला मिळतात मोजके बदाम. पण प्रोक्रिएट चित्र काढतानाच त्याची चित्रफीत आपोआप बनवून ठेवतं. ती त्याने एकदा सहज रील म्हणून टाकली आणि लोक तुटून पडले. विनोद सुचायला त्याला आठवडा लागला होता, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. "दादा, ब्रश कुठला?" एवढंच सगळ्यांना हवं होतं. तेव्हापासून तो रील टाकतो आणि रीलच्या शेवटी ओशाळल्यासारखं कॉमिक दाखवतो.

त्याचं दैवत रँडल मन्रो. हे गृहस्थ नासाच्या लँग्ली केंद्रात कंत्राटावर रोबोंचं काम करायचे. २००५ मध्ये त्यांनी वह्यांतली जुनी रेखाटनं स्कॅन करून वेबसाइटवर टाकली, त्यातून 'एक्सकेसीडी' हे वेबकॉमिक उभं राहिलं. पुढच्या वर्षी नासाने कंत्राट वाढवलं नाही, आणि ते पूर्णवेळ काड्यांची माणसं काढून जगू लागले. ही प्रेरक कथा त्याने वडिलांना रंगवून सांगितली. वडिलांनी तिच्यातून एकच मुद्दा उचलला, "म्हणजे नासाची नोकरी गेलीच ना शेवटी?"

वडिलांकडे काड्यांच्या माणसांची दुसरीही एक कथा आहे. 'सॅनिटरी पॅनल्स' हे वेबकॉमिक काढणाऱ्या रचिता तनेजा यांना २०२० साली सर्वोच्च न्यायालयाची अवमानाची नोटीस आली. ती बातमी वडिलांनी कापून फ्रिजवर चिकटवली. तेव्हापासून घरात नियम झाला: सोसायटीच्या सेक्रेटरीच्या वरच्या कुठल्याही सत्तेवर विनोद करायचा नाही. माझ्या मते वडिलांचा अंदाज चुकला. न्यायालय आधी नोटीस तरी पाठवतं, सेक्रेटरी थेट पाणी बंद करतो.

पैशाचं गणितही याला तोंडपाठ. केविन केली या लेखकाने २००८ मध्ये लिहून ठेवलंय, की कलावंताला लाखो माणसं लागत नाहीत. वर्षाला शंभर डॉलर देणारे हजार सच्चे चाहते असले की पोट भरतं. डॉलरचे रुपये करताना त्याचा चेहरा उजळतो. प्रत्यक्ष मागायची वेळ आली तेव्हा त्याने सहाव्या पानावर, हात जोडलेल्या आकृतीच्या पायाशी, यूपीआयचा क्यूआर कोड ठेवला. इतका लहान, की स्कॅन करायला जवाहिऱ्याचं भिंग लागावं. पहिल्याच रात्री एक रुपया जमा झाला. 'टेस्टिंग' असा शेरा होता. तो त्याने स्वतःच पाठवला होता.

चाहते नसले तरी चोर भरपूर आहेत. मोठमोठी विनोदी पेजेस त्याचं चित्र उचलतात, तळातली सही कापतात आणि स्वतःचं नाव टाकतात. त्यावर उपाय म्हणून सही तळातून मध्यावर आली. मग ती पुसली जाऊ लागली, म्हणून पात्रांच्या कपड्यांवर गेली. हल्ली त्याच्या कॉमिकमधले आजोबा त्याच्या सहीची बंडी घालतात. एवढं करूनही एक चित्र फिरत फिरत मामांच्या व्हॉट्सअॅपवर पोचलं. मामांनी ते मोठ्या मायेने यालाच पाठवलं. सोबत लिहिलं होतं, "बघ, असं काहीतरी काढत जा."

त्याने काय उत्तर दिलं असेल? अंगठा.

या सगळ्या उद्योगाची नायिका मात्र त्याची आई. कॉमिकमधली चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी, कुकरच्या शिट्या मोजता मोजता फोनवर नात्यांची उजळणी करणारी बाई तीच. आपलं जगासमोर हसं केलं, याचा तिला अजिबात राग नाही. तिच्या तक्रारी वेगळ्या आहेत. "पदर उजव्या खांद्यावर काढलायस. आणि आपल्या कुकरची शिट्टी अशी आहे का?" संपादक नाही म्हणून मिरवणाऱ्या या माणसाचं एकही पान तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, ही गोष्ट तो मुलाखतीत सांगणार नाही. मुलाखत घ्यायला अजून कुणी आलेलंही नाही.

मध्यंतरी त्याने मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये कलावंतांच्या गल्लीत एक टेबल घेतलं. शेजारच्या टेबलाशी जपानी अॅनिमेतला एक योद्धा पुरुषभर तलवार घेऊन उभा होता. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि फोटो नीट यावा म्हणून याचं टेबल जरा बाजूला सरकवायचे. आईच्या चेहऱ्याचे स्टिकर त्याने हजार छापून घेतले होते, कारण छापखानेवाला म्हणाला होता, "शंभर घ्या नाहीतर हजार, फरक थोडाच पडतो." फरक परतीच्या लोकलमध्ये पिशवी उचलताना कळला.

ती पिशवी कपाटावर पडली. संक्रांतीला आईने ती खाली काढली आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हातावर तिळगुळाबरोबर दोन-दोन स्टिकर वाण म्हणून ठेवले. "ही मीच आहे," असंही सांगितलं. बायका खदखदून हसल्या. कुणी स्टिकर स्कूटीला लावला, कुणी फ्रिजला, एकीने सासूबाईंच्या औषधांच्या डब्यावर लावला. रात्रीपर्यंत अख्ख्या बिल्डिंगने पेज फॉलो केलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन सोसायट्यांतून विचारणा झाली आणि याने आयुष्यात पहिल्यांदा रंगीत प्रिंटची ऑर्डर घेतली, पैसे आगाऊ.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दारात उभ्या उभ्याच आईला सांगितलं, "छान हो वहिनी, मुलगा नाव काढतोय. पण पुढच्या वर्षी डबे द्या."